पेज, पिठी आणि ग्लुकोमीटर : बार्शीहून मालवणपर्यंतचे सात दिवस

डिसेंबरात माझा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.३ आला. बार्शीच्या एका लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं लोकांचं रक्त काढतोय, त्यामुळे हा आकडा काय बोलतो ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ५.७ ते ६.४ म्हणजे माणूस मधुमेहाच्या उंबऱ्यावर उभा आहे, ६.५ झालं की आत गेला. डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या, भात कमी करा आणि चाला. इकडे जानेवारीअखेरचं आमचं कोकणचं बुकिंग कधीच झालेलं. मी रद्द करायच्या विचारात होतो, पण बायको म्हणाली, "अहो, तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या भातावरच जगलीत ना? मग जाऊन बघा तरी कशी जगलीत. टाळत बसू नका. खा आणि मोजा."

म्हणून बॅगेत ग्लुकोमीटर आणि पन्नास पट्ट्यांची डबी पडली. नियम एकच ठरवला : दिवसातल्या एका जेवणाच्या पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी बोट टोचायचं आणि ताटात काय होतं ते वहीत लिहायचं. एका माणसाच्या बोटावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण वही हातात असली की माणूस ताटाकडे नीट बघतो, हा फायदा मला पहिल्याच दिवशी कळला.

पहिला दिवस : आंजर्ले

पहाटे चारला निघालो. पुणं, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत दुपारी चारच्या सुमारास आंजर्ल्यात पोचलो. वाटेत घरच्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. ताम्हिणी उतरल्यावर काच खाली केली आणि हवेतला ओलावा चेहऱ्याला चिकटला.

उतरलो ते नारळी-पोफळीच्या आगरातलं जुनं घर. काकू सत्तरीच्या पुढच्या. शेणाने सारवलेलं अंगण झाडताना कमरेत वाकत होत्या आणि सहज सरळ होत होत्या. माझी नजर अशा गोष्टींवर जातेच, कारण आमच्याकडे याच वयाच्या बायका लॅबची तीन पायऱ्यांची चढण गुडघ्यावर हात ठेवून चढतात.

रात्रीचं ताट : तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, पावट्याची उसळ, आमसुलाचं सार आणि शेवटी एक मूद भात. पिठल्याचा पहिला घास घेतला आणि बायकोने माझ्याकडे बघितलं. ही चव आमच्या ओळखीची! कुळीथ म्हणजे आमचे हुलगे. थंडीत आई हुलग्याचं माडगं करायची, सर्दी झाली की वाटीभर गरम गरम प्यायला द्यायची. पुढे घरात पैसा आला, तूरडाळ रोजची झाली आणि हुलगे बैलांच्या पेंडीबरोबरचे म्हणून मागे पडले. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तूरडाळीच्या तोडीस तोड. पाण्याची फारशी मागणी नाही, खताची नाही. इथे भात काढल्यावर त्याच शेतातल्या उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मागच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहान तुकड्यात, नेऊन दाखवला, शेंगा धरलेला.

आमच्या कडक भाकरीचा एक तुकडा काकूंनी हातात घेऊन उलटासुलटा केला. "ही किती दिवस टिकते?" महिनाभर, म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या. इथल्या दमट हवेत पापडसुद्धा दोन दिवसांत लवतो.

दोन तासांनी रक्तातली साखर १५७. उंबऱ्यावरच्या माणसाला बरं म्हणावं असं.

दुसरा दिवस : मुरूड, दापोली, हर्णै

सकाळी मुरूडला गेलो. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. जन्म १८५८चा, गेले १९६२ साली, म्हणजे १०४ वर्षांचं आयुष्य. १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं तेव्हा ते शंभरीत होते. शाळेच्या परीक्षेसाठी हा मुलगा इथून डोंगर चढून साताऱ्यापर्यंत पायी गेला होता आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही, ही गोष्ट आम्ही शाळेत ऐकली होती. पुस्तकात वाचताना त्यात अन्याय दिसायचा. आज त्यांच्या स्मारकासमोर उभा असताना मला फक्त ती चाल दिसत होती. तेव्हाच्या कोकणात दुसऱ्या गावी जायचं म्हणजे चालायचंच. भात खाऊन माणसं काय करत होती, याचं निम्मं उत्तर तिथे होतं.

दापोलीला कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रात थोडा वेळ थांबलो. १९७२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आज डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखलं जातं. तिथे नाचणीचं पीठ घेतलं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा दहावा हिस्सासुद्धा नसतो. पूर्वी डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिकायची आणि गरिबाच्या घरात वर्षातले कित्येक महिने नाचणीची भाकरी असायची. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड आली, वरकस मोठ्या प्रमाणावर आंब्या-काजूच्या कलमांखाली गेली. पैसा आला, ते चांगलंच झालं. पण त्याबरोबर घराघरातली कॅल्शियमची पुरचुंडी गेली. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून नाचणीचे लाडू छान डब्यात मिळतात. ज्या घरातून नाचणी गेली त्या घराला तो डबा परवडतो का, हा प्रश्न मला राहून राहून पडत होता.

संध्याकाळी हर्णै बंदर. इथला मासळीचा लिलाव बघायला माणसं लांबून येतात. वाळूवर टोपल्यांचे ढीग, बर्फाची भुगटी, चिखल, आरडाओरड. बोली बोटांवर आणि नजरेवर चालते, बाहेरच्याला कळतच नाही कधी सुटली. सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी बोली सुटता सुटता बर्फाच्या खोक्यात जातात आणि खोकी टेम्पोत. वाटा घेऊन बसलेल्या एका मावशीच्या पुढ्यात मात्र मांदेली आणि तारली होती. मी विचारलं, तुम्ही घरी कुठला मासा नेणार? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पापलेट इकायचा, मांदेली खायाची."

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, आणि मला त्यात दुसरीच गोष्ट दिसली. तारली, बांगडा हे तेलकट मासे. हृदयाला चांगलं म्हणून ज्या ओमेगा-३च्या कॅप्सूल आमच्या मेडिकलमध्ये विकल्या जातात, ते तेल यांच्यात पापलेटापेक्षा कितीतरी जास्त. मांदेली तर काट्यासकट खातात, म्हणजे कॅल्शियमही पोटात. महाग मासा पाहुण्याच्या ताटात जातो आणि स्वस्त मासा घरात राहतो, पण पोषणाच्या हिशोबात घराची बाजू जड असते. अट एकच, तो स्वस्त मासा घरात राहायला हवा.

आज काकूंकडे मऊ भात, मेतकूट, तूप. वाढत गेल्या, मी खात गेलो. १७९.

तिसरा दिवस : दाभोळची फेरीबोट आणि गुहागर

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने गाडीसकट खाडी ओलांडली. बोटीवर एक गृहस्थ भेटले, पन्नाशीचे, इथलेच कोकणी मुसलमान. एकोणीस वर्षं कुवेतला काढून दोन वर्षांपूर्वी कायमचे परतलेले. मी काय करतो ते कळल्यावर त्यांनी खिशातला गोळ्यांचा डबाच दाखवला.

त्यांचं तिकडचं खाणं मी विचारून विचारून घेतलं. सकाळी खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि गोड दुधाचा चहा. दुपारी कंपनीच्या मेसमध्ये ढिगाने भात आणि कोंबडी. रात्री पुन्हा खुबूस. तहान लागली की थंडगार कोल्ड्रिंक, कारण तिथे ते पाण्याइतकंच सहज मिळायचं. उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, खोलीतून गाडीत आणि गाडीतून कामावर. "मासा होता की तिथे," ते म्हणाले, "पण करणार कोण? सात जणांच्या खोलीत एक शेगडी." साखर निघाली तेव्हा ते एकेचाळीसचे होते.

कुवेत हा जगात मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या देशांपैकी एक आहे. तिथल्या पिढीने एका आयुष्यात खजूर, मासे आणि उंटामागची पायपीट सोडून वातानुकूलित खोली गाठली. या गृहस्थांनी तेच अंतर एका विमान प्रवासात ओलांडलं होतं. परत आल्यावर काय बदललं, असं विचारलं तर म्हणाले, बायको तांदळाची भाकर आणि म्हावरं वाढते आणि वाडीला पाणी लावायला रोज उतरतो, तेव्हापासून एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. मुलगा मात्र आता कतारला गेलाय. हे सांगताना त्यांनी डबा पुन्हा खिशात टाकला आणि खाडीकडे बघत राहिले.

गुहागर म्हणजे पोफळीची आगरं. अंगणाअंगणांत सुपारी वाळत घातलेली, गेरूच्या रंगाची. इतकं देखणं पीक, पण मला त्याच्याकडे मोकळ्या मनाने बघता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच, म्हणजे तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आणि इथे मिश्रीही आहे. आम्ही राहिलो त्या घरी कामाला येणारी ताई सकाळी तव्यावर तंबाखू भाजत होती. वास घरभर. दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा बोट तोंडात जातं. आमच्याकडेही हे आहे, त्यामुळे नवल वाटलं नाही, वाईट वाटलं. बायको तिच्याजवळ बसून बराच वेळ बोलली. गालाच्या आतला पांढरा डाग तिने दाखवला. दुखत नाही म्हणून दाखवलं नाही कुणाला, म्हणाली. न दुखणारा डागच आधी दाखवायचा असतो. आम्ही तिला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं कबूल करायला लावलं आणि घरमालकीणबाईंनाही सांगून ठेवलं.

त्या दिवशी मोजायचं राहूनच गेलं.

चौथा दिवस : रत्नागिरी

तवसाळहून जयगडला दुसरी फेरीबोट, मग गणपतीपुळे. गर्दी होती, दर्शन घेऊन निघालो. रत्नागिरीत थिबा राजवाडा बघितला. ब्रह्मदेशचा राजा १८८६ मध्ये इथे स्थानबद्ध म्हणून आला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. राजवाडा १९१०चा, म्हणजे तो बांधून होईपर्यंत त्याचं निम्म्याहून अधिक कैदी आयुष्य संपलं होतं.

दुपारी हायवेजवळच्या एका हॉटेलात सुरमई थाळी. रव्यात घोळून तळलेला मासा, तेलाचा तवंग आलेली आमटी, तीन घडीच्या पोळ्या, पांढऱ्याशुभ्र तांदळाचा ढीग आणि गुलाबी सोलकढी. सोलकढीचा रंग संशयास्पद गडद होता. चांगल्या आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा, रंग नारळाच्या दुधात फिका होतो. चवीला सगळं झकास, हे खरंच सांगतो. पण चार दिवस घरांतून जेवल्यावर लक्षात आलं, की असं ताट मला कुठल्याही घरात दिसलं नव्हतं. शहरातून येणारा पाहुणा या ताटाला कोकणी जेवण समजतो आणि घरी जाऊन तेच सांगतो.

जेवून गाडीत बसलो, बसूनच राहिलो. १९६. बायकोने आकडा वाचला आणि काही न बोलता मीटर डब्यात ठेवलं.

पाचवा दिवस : देवगडवरून मालवण

विजयदुर्ग, देवगड. कलमं मोहोराने लदबदलेली, फवारणीचा वास रस्त्यापर्यंत. कुणकेश्वरला थोडं थांबलो. संध्याकाळी मालवणजवळच्या एका वाडीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, घरगुती मुक्काम.

घरमालकीण काकींच्या ओट्यावर आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्य स्वयंसेविका, बसल्या होत्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची नोंद करून त्यांना रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीला आणायचं काम त्यांच्याकडे. मी त्याच धंद्यातला म्हटल्यावर तासभर बोलणं झालं. त्यांनी वही दाखवली नाही, ते बरोबरच केलं, पण अनुभव सांगितला. त्यांच्या वाडीत साखर निघते ती आता शेतातल्या म्हाताऱ्यांपेक्षा दुकानात, गाडीवर, हॉटेलच्या काउंटरवर बसणाऱ्यांची. चाळिशीही न ओलांडलेल्यांची. शेती पडीक टाकली, पण ताटातला शेतकऱ्याचा भात तेवढाच राहिला. सकाळी पाववाल्याचा भोंगा वाजला की पोरं पेज सोडून बटर-खारीकडे धावतात. म्हाताऱ्यांच्यात जास्त असतो तो रक्तदाब, आणि तिथे त्या खाऱ्या माशाकडे बोट दाखवतात. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्या दिवसांसाठी मासे मिठात मुरवून ठेवायचे ही इथली रीतच. दिवसाला पाच ग्रॅम मीठ एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. एका खाऱ्या बांगड्यात त्यातलं बरंच संपतं. "सोडा म्हटला तर कोण सोडता?" आशाताई म्हणाल्या, "मी सांगतंय, रात्रभर पाण्यात घाला, पाणी ओता, मगे भाजा." सोडा असं न सांगता वाट दाखवणारी ही बाई मला फार आवडली.

जुलै-ऑगस्टात भाताच्या चिखलात काम करून ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असू शकतो, हेही त्या घरोघर सांगत फिरतात.

रात्री बांगड्याचं त्रिफळ घातलेलं तिखलं आणि भात. १६६.

सहावा दिवस : रापण आणि पेज

पहाटे काका म्हणाले, रापण लागलीय, बघायला या. पंचाहत्तरीला आलेला माणूस, अंगात बनियन आणि गुडघ्यावर पंचा, पोटऱ्या दोरासारख्या पिळलेल्या. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडलेलं होतं. त्याची दोन टोकं किनाऱ्यावर आणि दोन्ही दोरांना वीस-पंचवीस माणसं. बघायला गेलो होतो, पण पाच मिनिटांत माझ्याही हातात दोर आला. ओला काथ्यासारखा खरखरीत दोर, तळहात सोलणारा. कमरेला टेकवायचा, अंगाचा सगळा भार मागे टाकायचा आणि वाळूत टाच रुतवत एकेक पाऊल मागे जायचं. शेवटच्या माणसाने दोर सोडून पुन्हा पाण्याकडे पळत पुढे जाऊन धरायचा. दीड तास. मी मध्ये दोनदा बसलो. काका नाही बसले.

जाळं आलं तेव्हा तारली होती, थोडे बांगडे, मूठभर कोळंबी, खेकडे. ओढणाऱ्यांचे वाटे पडले. पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या घेरजाळ्याच्या, आणि एलईडी दिव्यांच्या बोटींनी किनाऱ्याजवळचा मासा संपवला, ही इथल्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार. जाळ्याकडे बघून काकाही तेवढंच बोलले. माझ्या हातावर कुणीतरी सहा तारल्या ठेवल्या. माझा वाटा! आयुष्यात पहिल्यांदा ओढून मिळवलेलं अन्न.

घरी आलो तेव्हा दहा वाजले होते आणि चुलीवर पेज तयार होती.

काकींनी मला स्वयंपाकघरात बसवून सगळं दाखवलं, कारण मी प्रश्न थांबवतच नव्हतो. तांदूळ उकडा, वालय जातीचा. दाणा जाड, अंगावर तांबूस रेघा, हातात घेतला तर काचेसारखा कडक आणि वास दमट, थोडासा आंबूस. पहिल्यांदा हा वास नाकाला आवडत नाही. भात सालासकट भिजत घालायचं, मोठ्या हंड्यात साल तडकेपर्यंत उकडायचं, उन्हात वाळवायचं आणि मग गिरणीत सडायचं. यात जी गंमत आहे ती काकींना त्यांच्या सासूने शिकवलेली नव्हती, पण फायदा मात्र पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला. उकडताना कोंड्यातली बी-१सारखी जीवनसत्त्वं पाण्याबरोबर दाण्याच्या आत मुरतात, त्यामुळे पुढे सडल्यावर ती सगळी निघून जात नाहीत. पिष्टही आत घट्ट बसतं आणि पचायला जास्त वेळ लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरला दिसलं होतं, की सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. बी-१च्या कमतरतेने होणाऱ्या बेरीबेरी रोगाचं कोडं तिथून सुटायला लागलं आणि १९२९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. अलीकडच्या वर्षांत रेशनच्या पांढऱ्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळून दिले गेले. सडताना काढायचं आणि मग वरून घालायचं, यापेक्षा काकींचा हंडा मला जवळचा वाटला. पण हंडाभर भात उकडायला सरपण लागतं, ऊन लागतं आणि दोन दिवस लागतात. काकींची सून बँकेत जाते. तिने हे करावं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

मग मी तांदूळ मोजायला सांगितला. पाच माणसांना दोन वाट्या! बाकी सगळं पाणी. मोठा वाडगा भरून समोर आला तेव्हा पोट भरणार असं वाटत होतं, पण त्यात माझ्या वाट्याला अर्धी वाटीही तांदूळ नव्हता. रत्नागिरीच्या ढिगात त्याच्या तिप्पट तरी असेल. पेजेत ओलं खोबरं, बाजूला कुळथाची पिठी, मिठातली कैरी आणि माझ्या वाट्याच्या दोन तारल्या, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेल्या. खोबऱ्याबद्दल माझ्या मनात भीती होती. नारळाच्या तेलातली जवळजवळ नव्वद टक्के चरबी संपृक्त असते, रिपोर्ट बघणारा माणूस ते विसरू शकत नाही. पण इथे खोबरं चमच्याने पडतं, चोथ्यासकट पडतं, आणि तळण मात्र सणासुदीला.

मी काकींना विचारलं, साखर असलेल्याने भात सोडावा असं सगळे म्हणतात, तुम्हाला काय वाटतं? त्या फुंकणीने चूल फुंकत होत्या. फुंकणी बाजूला ठेवून म्हणाल्या, "आमचो सासरो नव्वद वर्सां जगलो. तीनय वेळ भातच खाई. पन शेतात किती रवे, तां इचारा."

दोन तासांनी १३९. सात दिवसांतला सर्वांत खालचा आकडा. यातलं पेजेचं किती आणि दोराचं किती, हे मीटर वेगळं करून दाखवत नाही.

संध्याकाळी काकांच्या टाचांना काकी कोकमतेल लावत होत्या. रातांब्याच्या बियांचं हे तेल, थिजून गोळा झालेलं. हातावर घेतलं की अंगाच्या उबेने वितळतं. माझ्या सोललेल्या तळहातांनाही लावलं. रात्रभर आग झाली नाही.

सातवा दिवस : परत

निघायच्या आधी पुन्हा पेज खाल्ली, कालच्याएवढीच, मुद्दाम. मग गाडीत बसून फोंडा घाट चढलो आणि घाटमाथ्यावर बोट टोचलं. १५८. म्हणजे तीच पेज, तेवढाच तांदूळ, फक्त दोर नव्हता. वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून ठेवलेत, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवायला.

डिकीत बचत गटाच्या बाजारातून घेतलेला पाच किलो उकडा तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं आणि काकींनी दिलेली मिठातली कैरी. आमच्या उरलेल्या कडक भाकरी काकींकडे राहिल्या. त्यांनी त्या फणसाच्या आठळ्या ठेवायच्या डब्यात घातल्या, लवणार नाहीत म्हणाल्या. कोल्हापूर, पंढरपूर करत रात्री अकराला बार्शीत.

रविवारी बायकोने पेज लावली. कुकरला, आपल्या सवयीने. तीन शिट्ट्या झाल्या तरी दाणा खडाच. पुन्हा तीन. दाणा तसाच आणि पाणी मात्र शिट्टीवाटे ओट्यावर सांडलेलं. शेवटी तिने मालवणला फोन लावला. स्पीकरवर काकींचा आवाज आला, मागे कोंबडा ओरडत होता.

"कुकर कित्याक होयो? टोपात घाला, उकळत ठेवा. आनि तवसर दोघाय वायच फिरान येवा."

मुलाला गॅसजवळ बसवलं आणि आम्ही दोघं भगवंताच्या देवळापर्यंत चालत जाऊन आलो. परत आलो तेव्हा दाणा फुटला होता.